राग आवरणं आणि दुसऱ्याचं मन ओळखणं: मुलांना हे नेमकं शिकवायचं कसं?

काजवा (धागाकर्ता)

मुलांच्या भावनांवर चर्चा निघाली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, मुलाला समजून घ्या. दोन, त्याला दुसऱ्याचा विचार करायला शिकवा. दोन्ही खरे आहेत. पण मूल भोकाड पसरून जमिनीवर लोळत असताना तोंडातून नेमकं कोणतं वाक्य काढायचं, किती अंतरावर बसायचं, कोणती गोष्ट त्या वेळी अजिबात करायची नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. इथे समुपदेशन करणारे, शिकवणारे आणि बालविकासाचा अभ्यास असलेले बरेच सदस्य आहेत. विनंती एवढीच की अनुभवकथनापेक्षा पद्धत लिहा. काय करायचं, कसं करायचं आणि कुठे फसतं ते सांगा.

सुरुवात मी करतो. बहुतेक वेळा चूक होते ती क्रमात. आधी सहानुभूती शिकवू, मग मूल आपोआप शांत वागेल, असं धरून चालतात. प्रत्यक्षात पाया उलटा आहे. नॅन्सी आयझेनबर्ग यांनी या विषयावर कित्येक वर्षं काम केलं आणि एक फार उपयोगाचा फरक दाखवला. दुसऱ्याचं दुःख पाहून एक तर कळवळा येतो, नाहीतर बघणारा स्वतःच बेचैन होतो. कळवळा आलेलं मूल मदतीला जातं. बेचैन झालेलं मूल तिथून पळतं, कान झाकतं, हसतं, कधी रडणाऱ्यालाच ढकलतं. आपण त्याला निर्दय ठरवतो, पण त्याच्या मनात दुसऱ्यासाठी जागाच उरलेली नसते. स्वतःची खळबळ ज्याला आवरता येते त्याचंच लक्ष दुसऱ्याकडे जाऊ शकतं.

म्हणून पहिला प्रश्न: ऐन थयथयाटात काय करावं?

तिसरी_घंटा

काजवा, क्रमाचा मुद्दा पहिल्याच पोस्टमध्ये आला हे बरं झालं.

थयथयाटाची रचना कळली की अर्धं काम सोपं होतं. पोटेगल आणि डेव्हिडसन यांनी २००३ साली लहान मुलांच्या थयथयाटांचा बारकाईने अभ्यास मांडला. त्यात राग आणि दुःख हे दोन वेगळे प्रवाह दिसले. ओरडणं, लाथा मारणं, फेकाफेक हा रागाचा भाग सुरुवातीला उसळतो आणि उतरतो. रडणं, मुसमुसणं, जवळ येऊ पाहणं हा दुःखाचा भाग सगळ्या वेळात पसरलेला असतो. बहुतेक थयथयाट पाच मिनिटांच्या आत संपतात.

यावरून कामाची दिशा मिळते. राग चढलेला असताना जितके शब्द, तितकं तेल. त्या वेळी फक्त इतकं करा:

फेकता येईल किंवा लागू शकेल अशी वस्तू न बोलता बाजूला करा. मुलापासून हातभर लांब, थोडं तिरपं बसा. समोरासमोर उभं राहून वरून बोललं की त्याला ती चढाई वाटते. आवाज त्याच्याहून खाली ठेवा. वाक्य तीन-चार शब्दांचं: 'मी इथेच आहे.' 'मारू देणार नाही.' बास. तेच वाक्य अर्ध्या-एक मिनिटाने पुन्हा. प्रश्न नको, कारणमीमांसा नको, 'थांबलास तर अमुक देतो' तर मुळीच नको.

मग खूण ओळखायची. मुठी सैल होतात, खांदे खाली येतात, किंचाळण्याची जागा रडणं घेतं. इथे एक साधी चाचणी घ्या. छोटा, दोन पर्यायांचा प्रश्न विचारा: 'पाणी इथे आणू की तू तिकडे येतोस?' उत्तर आलं, नुसती मान जरी हलली, तर विचार करणारा मेंदू कामावर परत आला. उत्तराऐवजी किंकाळी आली तर अजून दोन मिनिटं गप्प बसायचं.

सगळ्यात जास्त फसतं ते इथेच. मूल जरा शांत झालं की मोठ्यांना लगेच शिकवण द्यायची घाई होते आणि दुसरा भडका उडतो. झाल्या प्रकाराबद्दल बोलायचं ते किमान वीस-तीस मिनिटांनी, पोटात काही गेल्यावर, आणि बोलणं दोन मिनिटांत संपवायचं.

पाटीपेन्सिल

शांत होण्याची युक्ती थयथयाटात शिकवता येत नाही. पोहणं बुडताना शिकत नाहीत, तसंच आहे हे. त्यामुळे श्वासाबद्दल सविस्तर लिहिते, कारण 'खोल श्वास घे' हा सर्वात जास्त दिला जाणारा आणि सर्वात जास्त चुकणारा सल्ला आहे.

मुलाला 'खोल श्वास घे' म्हटलं की ते खांदे कानापर्यंत नेऊन तोंडाने हवा गिळतं. असं चार-पाच वेळा भराभर केलं की गरगरतं आणि भीती आणखी वाढते. परिणाम आहे तो सोडलेल्या श्वासाचा. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून उच्छ्वास लांब हवा. मोठ्या मुलांना प्रमाण सांगावं: नाकाने तीन आकडे मोजत आत, ओठांचा चंबू करून सहा आकडे मोजत बाहेर. असे पाच श्वास. पाऊण मिनिटात होतं.

पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना आकडे नकोत, दिसणारी वस्तू हवी. कागदाची पट्टी कापा, बोटभर रुंद आणि वीतभर लांब. एक टोक चिमटीत धरून ती तोंडासमोर वीतभर अंतरावर लोंबू द्या. खेळ असा की पट्टी थरथरत राहिली पाहिजे, पण उडून आडवी व्हायची नाही. जोरात फुंकलं की पट्टी उडते आणि डाव गेला. हळू, लांब फुंकर घातली की ती बराच वेळ थरथरते. मूल आपसूक उच्छ्वास लांबवायला शिकतं आणि आपल्याला एक शब्दही बोलावा लागत नाही. पातळ कागद लगेच दुमडतो, जाड कागद हलतच नाही; वहीचा कागद योग्य.

सराव दिवसातून दोनदा, एकेक मिनिट, आनंदात असताना. साधारण दोन-तीन आठवडे असंच चालू द्या. त्यानंतर किरकोळ चिडचिडीत वापरा, मोठ्या थयथयाटात अगदी शेवटी. आणि 'जा, श्वास घेऊन ये' असं दरडावू नका. तसं केलं की श्वास ही शिक्षा होते आणि मूल पुढे तो मुद्दाम नाकारतं. मोठ्यांनी स्वतः शेजारी बसून पट्टी धरावी.

उंबरठा

राग बाहेर काढायला उशी बडवायला द्यावी असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. ते कितपत बरोबर?

तिसरी_घंटा

नको. ही समजूत खूप पसरलेली आहे, पण ती टिकलेली नाही. ब्रॅड बुशमन यांचा २००२ चा प्रयोग यावरच आहे. ज्यांनी राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅग बडवली त्यांचा राग उलट जास्त राहिला आणि आक्रमकताही वाढली. काहीही न करता नुसते बसलेले लोक त्यांच्याहून शांत होते. उशी बडवताना मूल दोन गोष्टींची तालीम करत असतं: रागाचा विचार घोळवणं आणि हात उचलणं.

अंगातली धग मात्र खरी असते आणि तिला बाहेर पडायला वाट हवी असते. त्यासाठी जोर लावायचा, पण कुणालाच मारायचं नाही. दोन्ही तळवे भिंतीला लावून भिंत ढकलायची, दहा आकडे, मग सोडायची, असं पाच वेळा. जड पिशवी या खोलीतून त्या खोलीत नेणं, जिने चढणं, ओली फडकी पिळणं. करताना गंमत किंवा आकडे मोजणं असावं, भांडणाचा विषय नसावा. ज्या मुलांचं अंग सतत वळवळत असतं त्यांना श्वासापेक्षा हे आधी लागू पडतं.

शब्दखूण

शब्दांबद्दल लिहिते.

मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या मेंदू-प्रतिमांच्या अभ्यासात असं दिसलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दाने नाव दिलं की अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, हालचाल कमी होते. भावनेला नाव मिळालं की तिची पकड ढिली होते, असं थोडक्यात म्हणता येईल. अडचण अशी की मुलांकडे शब्द असतात तीनच: छान, वाईट, राग. भूक लागली, हरलो, एकटं वाटलं, लाज वाटली, सगळ्याला 'राग आला'.

आपल्या भाषेत खजिना पडलाय, तो वापरा. नुसत्या रागाच्या घरात बघा: कुरकुर, वैताग, चिडचिड, चीड, संताप, त्रागा, रुसवा. कुरकुरीपासून संतापापर्यंत चढती पायरी आहे. त्रागा म्हणजे दुसऱ्यावरचा राग स्वतःवर काढणं. रुसव्यात 'माझी समजूत काढायला या' हे आमंत्रण दडलेलं असतं. रुसलेल्या मुलाला संतापलेल्या मुलासारखं वागवलं की ते आणखी फुरंगटतं. दुःखाच्या घरात हिरमोड, खट्टू होणं, उदास वाटणं, हुरहूर. लाजेच्या घरात संकोच, ओशाळणं, कानकोंडं होणं. आठवड्याला दोन शब्द पुरेत. जेवताना किंवा झोपताना मोठ्यांनी स्वतःबद्दल वापरायचे: 'आज बेत फिसकटला, माझा जरा हिरमोड झाला.' मुलाची परीक्षा घ्यायची नाही. ऐकून ऐकून शब्द तोंडात बसतात.

दुसरा खजिना वाक्प्रचारांचा. भावना आधी शरीरात येते, नाव नंतर मिळतं, आणि आपले वाक्प्रचार शरीराची जागाच दाखवतात: पोटात गोळा येणं, छातीत धस्स होणं, घसा दाटून येणं, कानशिलं तापणं, हातपाय गळणं, तळपायाची आग मस्तकात जाणं. एका मोठ्या कागदावर मुलाला आडवं झोपवून बाह्यरेषा काढा आणि प्रत्येक वाक्प्रचाराची जागा रंगवायला सांगा. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे फार आवडतं. उद्देश असा की 'कानशिलं तापायला लागली' ही खूण त्याला स्वतःला, हात उठण्याआधी कळावी. त्या टप्प्यावर आवरणं शक्य असतं; नंतर नाही.

फसतं कुठे? एक, निकाल दिल्यासारखं नाव देणं. 'तू मत्सर करतोयस' यापेक्षा 'तिला बक्षीस मिळालं ते टोचलं का रे थोडं?' असा अंदाज द्यावा आणि मूल 'नाही' म्हणालं तर सोडून द्यावा. दोन, भावनेचं नाव मुलाला चिकटवणं: 'हा रागीटच आहे.' तीन, 'का चिडलास?' हा प्रश्न. लहान मुलांना कारण खरंच सांगता येत नाही आणि तो प्रश्न त्यांना जबाब मागितल्यासारखा ऐकू येतो. 'काय झालं त्याआधी?' हे विचारा. घटनाक्रम त्यांना सांगता येतो.

उंबरठा

शांत कोपरा करावा असं म्हणतात. आणि वेगळ्या खोलीत एकटं बसवणं, ते यात मोडतं का?

पाटीपेन्सिल

दोन्ही वेगळं. एकटं बसवणं ही शिक्षा असते, वेळ मोठी माणसं ठरवतात. कोपरा ही सोय असते आणि तिथून कधी उठायचं ते मूल ठरवतं. खालच्या वयात मोठं माणूस सोबत बसतं, कारण ही मुलं आधी दुसऱ्याच्या शांतपणावर शांत होतात, मग हळूहळू स्वतःच्या.

कोपऱ्यात वस्तू तीन-चारच ठेवा: जाड पांघरूण किंवा उशी, ती कागदाची पट्टी, कागद आणि खडू, हाताने दाबायला मऊ चेंडू. दहा वस्तू ठेवल्या की तो खेळण्याचा कोपरा होतो. मोबाइल तिथे ठेवू नका. त्याने मूल गप्प होतं हे खरं, पण स्वतःला आवरण्याची तालीम होत नाही आणि पडदा काढला की तोच राग पुन्हा उभा. कोपरा मुलाच्या हातून सजवून घ्या, आणि पहिले काही दिवस मूल चिडलेलं नसताना तिथे बसून गोष्ट वाचा. थेट भांडणाच्या दिवशी उद्घाटन केलं तर त्याला तो तुरुंग वाटणारच.

ओली_माती

आता दुसऱ्या भागाकडे, म्हणजे दुसऱ्याचं मन ओळखण्याकडे. 'सॉरी म्हण' यापासून सुरुवात करू.

जबरदस्तीच्या सॉरीने मूल एवढंच शिकतं की हा शब्द उच्चारला की मोठी माणसं पाठ सोडतात. मार्टिन हॉफमन यांनी पालकांच्या शिस्तीचे प्रकार अभ्यासले. धाक दाखवणं किंवा माया आवरून घेणं यापेक्षा 'तुझ्या वागण्याचा त्याच्यावर काय परिणाम झाला' हे दाखवून देणं सहानुभूतीला पोसतं, हा त्यांच्या कामातला गाभ्याचा मुद्दा. पण दाखवायचं कसं, ते बघू.

समजा चार वर्षांच्या मुलाने दुसऱ्या एका मुलीचा ठोकळ्यांचा मनोरा पाडला. आधी पडलेल्या ठोकळ्यांपाशी जायचं, पाडणाऱ्यापाशी नाही. ती रडतेय, तिच्याजवळ बसायचं. मग पाडणाऱ्याला शांत आवाजात, बोट दाखवून: 'तिचे डोळे बघ. हा लाल ठोकळा ती मघापासून वर चढवायला बघत होती.' थांबायचं. दहा सेकंद काहीच बोलायचं नाही. हे दहा सेकंद मोठ्यांना फार लांब वाटतात, पण मुलाला तेवढे लागतात. मग 'आता काय केलं तर तिला बरं वाटेल?' मूल कदाचित स्वतःचीच आवडती गाडी आणून देईल. ते चुकलं नाही, पण तिथे सोडू नका. 'तिला विचारू या, तिला काय हवंय.' ती म्हणेल, लाल ठोकळा शोधून दे. शोधून दिला की भरपाई झाली. 'सॉरी' त्यानंतर आपणहून आलं तर उत्तम, नाही आलं तरी काम झालेलं असतं. पाडणारा स्वतः अजून धुमसत असेल तर यातलं काहीही लागू पडत नाही. आधी वर लिहिलंय ते, मग हे.

स्वतःची गाडी का आणतं, तर दुसऱ्याची आवड वेगळी असते हे कळणं टप्प्याटप्प्याने येतं. रेपाचोली आणि गॉपनिक यांचा १९९७ चा प्रयोग यासाठी लक्षात ठेवावा. प्रयोग करणारी बाई ब्रोकोली खाऊन खूश झाल्याचं आणि बिस्किटं खाऊन तोंड वाकडं केल्याचं दाखवते, मग मुलाकडे खाऊ मागते. चौदा महिन्यांची मुलं बहुधा स्वतःला आवडतं तेच, म्हणजे बिस्किट, पुढे करतात. अठरा महिन्यांची मुलं तिला ब्रोकोली देतात. दुसऱ्याच्या डोक्यातली समजूत आपल्याहून वेगळी, चुकीचीसुद्धा असू शकते हे साधारण चार वर्षांच्या आसपास उमगतं. विमर आणि पेर्नर यांनी १९८३ मध्ये ते दाखवलं. तीन वर्षांच्या मुलाला 'त्याला माहीत नव्हतं ना!' हे सांगून पटत नाही ते हट्टाने नव्हे, अजून दिसतच नाही म्हणून.

याच कारणाने 'तुला कुणी असं केलं तर कसं वाटेल?' हा आपला लाडका प्रश्न अर्धाच चालतो. मूल उत्तर देतं, 'मला काहीच वाटणार नाही,' आणि ते खरंही असतं. ज्याला चिडवलेलं चालतं त्याला चिडवणं कुणाला बोचतं हे त्या प्रश्नाने कळणार कसं? त्याऐवजी दोन प्रश्न: 'तिला काय वाटत असेल?' आणि 'कशावरून म्हणतोस?' दुसरा जास्त महत्त्वाचा. त्याने मूल चेहरा, आवाज, आधी काय घडलं, याकडे बघायला लागतं.

गोष्ट वाचताना हे सहज होतं. एका गोष्टीत दोनच ठिकाणी थांबा, जास्त थांबलं की गोष्ट मरते. तिथे विचारा: हिला काय माहीत आहे? त्याला काय माहीत नाही? हा हसतोय, पण आतून कसा असेल? आठ-नऊ वर्षांच्या पुढे गोष्ट खलनायकाच्या बाजूने सांगायला लावा. त्याचं वागणं बरोबर ठरवायचं नाही, त्याला काय हवं होतं एवढंच शोधायचं.

काजवा

ओली_माती, दहा सेकंदांचा मुद्दा लाखमोलाचा. किशोरवयीन मुलांबद्दल कुणी लिहील का? तिथे कोपरा आणि पट्टी चालत नाही.

रातराणी_०७

लिहिते. शिकवायचं तेच, पण वाट वेगळी धरावी लागते.

वयात येताना मेंदूतले भावना आणि बक्षिसाशी जोडलेले भाग जोमाने कामाला लागतात, आणि लगाम धरणारा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, विशीच्या मध्यापर्यंत पिकत राहतो. त्यात झोप. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना दिवसाला ८ ते १० तास झोप लागते, आणि याच वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही. सकाळी लवकर उठावं लागलं की कसर साठत जाते. पंधरा दिवस चिडचिड नोंदवा आणि शेजारी झोपेचे तास लिहा. बऱ्याच घरांत 'स्वभाव' म्हणून जे समजलं जातं त्यातलं निम्मं तिथे सापडेल. हे सुधारल्याशिवाय बाकीचं शिकवणं पालथ्या घड्यावर पाणी.

बोलणं समोरासमोर नको, शेजारी-शेजारी हवं. चालताना, भांडी पुसताना, प्रवासात. नजरेला नजर नसली की मुलं जास्त बोलतात. मूल काही सांगायला लागलं की पहिला प्रश्न: 'नुसतं ऐकू, की काही सुचवू?' आणि 'नुसतं ऐक' म्हटलं तर खरोखर नुसतं ऐकायचं. 'एवढं काय त्यात', 'आमच्या वेळी', 'मी म्हटलंच होतं' या तिन्हींनी दार बंद होतं. त्याने सांगितलेलं नातेवाइकांच्या घोळक्यात बोललं गेलं तर ते दार वर्षभर उघडत नाही.

जेम्स ग्रॉस यांनी भावना आवरण्याच्या वाटा मांडल्या आहेत, त्यातल्या दोहोंमधला फरक या वयात उघड शिकवता येतो. एक, चेहरा कोरा ठेवून दाबून टाकणं. बाहेरून शांत दिसतं, आत शरीर तणावातच राहतं. दुसरी, प्रसंगाचा अर्थ नव्याने लावणं. सराव लेखी करा: झालेली घटना एका ओळीत, फक्त कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढी. 'तिने माझा मेसेज वाचला आणि उत्तर दिलं नाही.' खाली मनात आलेला अर्थ: 'तिला मी नको आहे.' त्याखाली आणखी तीन शक्य अर्थ, पटले नाहीत तरी. शेवटच्या ओळीत 'खात्री कशी करता येईल?' पालकांनी तीन अर्थ स्वतः पुरवायचे नाहीत. पुरवले की ते उपदेश होतात.

ईथन क्रॉस यांच्या कामातली एक युक्ती मुलांना लगेच पटते: स्वतःशी बोलताना 'मी' ऐवजी स्वतःचं नाव घ्यायचं. 'मी आता काय करू?' ऐवजी नाव घेऊन 'हिने आता काय करावं?' मित्राला सल्ला देताना जेवढं अंतर असतं तेवढं मिळतं.

मैत्रिणीशी तासन्‌तास बोलून मन हलकं होतं का? होतं, एका मर्यादेपर्यंत. अमांडा रोज यांनी २००२ मध्ये दोघींनी मिळून तीच जखम पुन्हा पुन्हा उकरण्याला नाव दिलं, सह-चघळणं म्हणू आपण. त्याने मैत्री घट्ट होते आणि उदासीही वाढते. ओळखायची खूण: तिसऱ्यांदा तोच प्रसंग सांगितला जातोय आणि नवीन काहीच कळलेलं नाही. तिथे विषय बदलणं म्हणजे बेइमानी नव्हे, हे मुलींना स्पष्ट सांगावं लागतं. मुलांनाही.

आणि मेसेज. रागात लिहिलेला मेसेज पाठवायच्या जागेत लिहूच नये, नोंदवहीत लिहावा. वीस मिनिटांनी तो मोठ्याने तीन सुरांत वाचावा: चिडून, थंडपणे, हसत. समोरच्याला सूर ऐकू येत नाही, तो आपला सूर लावतो, हे त्या तीन वाचनांत कळतं. दुसऱ्याचं मन ओळखण्याचा या वयातला हा सगळ्यात थेट धडा आहे.

पैलतीर

उलट्या टोकाच्या मुलांबद्दल कुणी बोललं नाही. वर्गात कुणीही रडलं की यांना रडू येतं, बातम्या पाहून झोप उडते, सगळ्यांची दुःखं अंगावर घेतात. मोठी माणसं 'किती हळवी' म्हणून कौतुक करतात, पण काजवांनी लिहिलेली बेचैनी ती हीच.

तीन गोष्टी कराव्या. 'हे दुःख कुणाचं?' हा प्रश्न: डावा हात माझा, उजवा हात त्याचा, कोणतं कुठे ठेवायचं? मग एकच छोटं, आज होण्यासारखं काम: चिठ्ठी लिहिणं, शेजारी बसणं, मोठ्यांना कळवणं. काम झालं की 'तुझा वाटा झाला' असं शब्दांत सांगायचं. आणि घरातली भांडणं मिटवण्याचं, मोठ्यांची समजूत काढण्याचं काम त्यांच्याकडे चुकूनही द्यायचं नाही. ही मुलं ते उत्तम करतात, म्हणूनच देऊ नये.

शब्दखूण

एक भर. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना सहानुभूती नसते हा समज अजून फार आहे. डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंचं असतं. इतरांनाही त्या मुलांचं मन वाचता येत नाही. अशा मुलांना 'डोळ्यांत बघून बोल' असा आग्रह नको. चेहऱ्यापेक्षा शब्दांत सांगा: 'मी आता दमले आहे, तुझ्यावर रागावले नाही.' त्यांचा उद्रेक बऱ्याचदा आवाज, गर्दी, उजेड, अचानक बदललेला बेत यातून येतो. तिथे समजूत घालणं नंतर, आधी आवाज आणि उजेड कमी करणं. बेत बदलणार असेल तर दहा मिनिटं आणि पुन्हा दोन मिनिटं आधी सांगणं, जमल्यास चित्र काढून.

ओली_माती

मोठ्यांचा स्वतःचा तोल जातो, त्याचं काय? कुणीतरी लिहायलाच हवं म्हणून लिहिते. एडवर्ड ट्रॉनिक यांचा निश्चल चेहऱ्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे: आई दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा ठेवते आणि तान्हं बाळ अस्वस्थ होत जातं. त्यांच्या कामातला कमी सांगितला जाणारा भाग असा की तार जुळणं, तुटणं आणि पुन्हा जुळणं हे चांगल्या नात्यातही सतत चालू असतं. महत्त्व पुन्हा जुळण्याला.

तर ओरडलात, तर त्याच दिवशी, झोपण्याआधी. तीन वाक्यं: 'मी मघाशी ओरडले. तू दचकलास, ते मला दिसलं. पुढच्या वेळी मी आधी खोलीबाहेर जाईन.' यात 'पण' आला की सगळं पुसलं जातं: 'मी ओरडले, पण तूही...' आणि मुलाकडून 'असू दे' ची अपेक्षा ठेवायची नाही.

तिसरी_घंटा

तज्ज्ञांकडे कधी, हेही लिहून ठेवतो. स्वतःला इजा करणं किंवा मरण्याची भाषा: त्याच दिवशी, वाट न बघता, आणि मुलाला एकटं न सोडता. उदासी, चिडचिड, झोप किंवा भूक बिघडणं, आवडीच्या गोष्टी सुटणं, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर. प्राण्यांना किंवा लहान मुलांना वारंवार इजा. शाळेच्या वयातही आठवड्यातून अनेकदा मोठे उद्रेक. आणि एखादं शांत मूल अचानक बदललं तर आधी त्याला कुणी त्रास देतंय का ते बघा.

उंबरठा

शेवटचा प्रश्न. आपण करतोय त्याचा उपयोग होतोय हे कशावरून ओळखायचं? आणि शाळेत एखादं व्याख्यान ठेवलं तर चालेल का?

पाटीपेन्सिल

एका व्याख्यानाने काही होत नाही. डर्लक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये शाळांतल्या २१३ उपक्रमांचा एकत्र आढावा घेतला, त्यात २,७०,०३४ मुलं होती. वागण्याबरोबर अभ्यासातही फरक पडलेला दिसला. जास्त परिणाम झाला तो चार गोष्टी सांभाळणाऱ्या उपक्रमांचा: पायरीपायरीने शिकवणं, मुलांकडून प्रत्यक्ष करून घेणं, त्यासाठी वेगळा वेळ राखणं आणि कोणतं कौशल्य शिकतोय ते मुलांना स्पष्ट सांगणं. मेरी गॉर्डन यांनी १९९६ मध्ये टोरांटोत सुरू केलेला उपक्रम यात बघण्यासारखा आहे. वर्षभर तेच बाळ आईवडिलांसोबत वर्गात येतं आणि मुलं ओळखायला शिकतात की ते का रडलं, त्याला आत्ता काय हवंय. बाळाला बोलता येत नाही, म्हणून खुणा वाचाव्याच लागतात. वर्गात रोज दहा मिनिटं राखता आली तर वर्षातल्या दोन मोठ्या कार्यक्रमांपेक्षा ती घ्या.

मोजायचं कसं? कॅलेंडरवर प्रत्येक उद्रेकासाठी तीन आकडे लिहा: किती वाजता, किती मिनिटं चालला, आणि त्यानंतर मूल पुन्हा खेळायला किंवा बोलायला लागायला किती मिनिटं लागली. चार आठवडे. सहसा आधी तिसरा आकडा उतरतो, मग दुसरा, आणि उद्रेकांची संख्या सगळ्यात शेवटी. लोक फक्त संख्या बघतात आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. पहिल्या आकड्यांतून वेळ दिसते: सगळे उद्रेक संध्याकाळी साडेसहा ते साडेसातमध्ये पडत असतील तर कौशल्य नंतर, आधी त्याला सहा वाजता खायला द्या.

उंबरठा

कॅलेंडर आजपासून लावते. चार आठवड्यांनी आकडे इथेच टाकते.